चादरीआडची आठ झाडं

"आली! अहो, आली! कळी आली!"

धाकटी बागेतून घराकडे धावत सुटली ती एका पायात चप्पल घालून. दुसरी कुठे राहिली हे तिला ठाऊक नव्हतं, आणि शोधत बसायची ही वेळ नव्हती. स्वयंपाकघराच्या दारात थोरली जाऊ हातात झारा घेऊन उभी राहिली.

"कोण आली? एवढ्या सकाळी?"

"कळी हो जाऊबाई! डाळिंबाला कळी! एखाद-दुसरी नाही, झाडाझाडाला!"

"अगं बाई, एवढ्यासाठी माझा जीव घेतलास? मला वाटलं घरात साप शिरला." असं म्हणत थोरलीने गॅस बंद केला आणि झारा हातात तसाच ठेवून ती धाकटीच्याही पुढे बागेत पोचली.

आणि खरंच, काय दृश्य होतं! कालपर्यंत ज्या काटक्या बघून शेजारीपाजारी हळहळत होते, त्याच काटक्यांवर तांबूस कोवळी पानं आणि पानांच्या आगेमागे लालचुटूक कळ्या. मेणाच्या असाव्यात अशा जाडसर, चकचकीत. थोरलीने एका कळीला झाऱ्याच्या टोकाने हलकेच स्पर्श केला, मग लाजून झारा पाठीमागे लपवला. धाकटीला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. शेवटी तिने दोन्ही केलं.

तिला का नाही व्हायचं असं? गेली तीन वर्षं ही बाग म्हणजे तिचा श्वास झाली होती. आधी ती रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला होती. दिवसभर लोकांच्या दंडाला रबर बांधायचं, सुई टोचायची आणि "झालं हं, झालं" म्हणायचं. घरामागचा जमिनीचा तुकडा रिकामा पडलेला तिच्या डोळ्यांत भरला. थोरलीच्या नवऱ्याचं, म्हणजे दिराचं, मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याला तिथे पत्र्याची मोठी शेड हवी होती. धाकटीने घरात चक्क भांडण काढलं. शेवटी मामंजींनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, निवाडा केला: झाडं तिसऱ्या वर्षी फळावर येतात, तेव्हा पहिला बहार धरायचा. फळाला चांगला घेणारा मिळाला तर बाग राहील. नाही मिळाला तर झाडं काढायची, शेड उभी राहील आणि धाकटी परत सुया टोचायला जाईल. धाकटीने तोंड वर करून "कबूल!" म्हटलं होतं. रात्री उशीत तोंड खुपसून ती किती घाबरली होती, ते नवऱ्यालाच माहीत.

या नवऱ्याला ती चारचौघांत "अहो" म्हणायची आणि खोलीचं दार लागलं की "अरे". तो शाळेत चित्रकला शिकवायचा आणि घरात कुणाचंच मन मोडायचा नाही, हा त्याचा मोठा गुण आणि त्याहून मोठा दोष.

मामंजींची गोष्ट वेगळीच. आयुष्यभर बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर त्यांना डाळिंबाचं वेड लागलं. सुनेने रोपं लावली मात्र, यांनी डाळिंबाच्या गुणांचा प्रचारच हाती घेतला. दाढी करणारा, दूधवाला, वीजमीटर बघायला आलेला माणूस, कुणाचीही सुटका नाही. "रोज वाटीभर दाणे खा. हृदयाला चांगलं, पोटाला चांगलं, अँटिऑक्सिडंट ठासून भरलेत!" गल्लीतली पोरं त्यांना तोंडावर अँटिऑक्सिडंट आजोबा म्हणायची आणि त्यांना ते आवडायचं. एकदा तर डाळिंबाचा रस रक्तदाबाला चांगला असं कुठेतरी वाचून त्यांनी परस्पर गोळीच बंद केली. चक्कर आली, डॉक्टरांनी फैलावर घेतलं. "आजोबा, रस गोळीच्या जागी नाही. आणि गोळीबरोबर रोज घेणार असाल तर आधी मला विचारायचं." त्या दिवसापासून मामंजी प्रचाराच्या शेवटी हळू आवाजात "गोळी चालू ठेवून" असं जोडायचे.

धाकटीही त्यांना टोकायची. "मामंजी, दाणे लाल आहेत म्हणून लगेच रक्त वाढतं असं नाही हो. लोह फार नसतं त्यात. चोथा असतो, क जीवनसत्त्व असतं, रंगातली चांगली द्रव्यं असतात. तेवढं पुरे की."

"तू लॅबवाली आहेस," मामंजी म्हणायचे, "तुला कौतुक करता येत नाही."

तर, आता बहाराचं. डाळिंबाचं झाड मोठं मनस्वी. त्याला बारा महिने पाणी देत राहा, ते मनाला येईल तेव्हा चार फुलं देईल, आज इथे, उद्या तिथे. सगळी बाग एका वेळी फुलवायची तर आधी तिला ताण द्यावा लागतो. म्हणजे पाणी तोडायचं, पार तोडायचं. पानं पिवळी पडतात, गळतात, झाड मेल्यासारखं दिसतं. मग छाटणी करून, खत घालून पाणी सोडलं की झाड दचकून जागं होतं आणि अंगभर फुलतं. पुष्कळ लोक पानगळीसाठी औषधाचा फवारा मारतात, काम लवकर होतं. पण ज्या खरेदीवाल्या बाईंवर धाकटीची भिस्त होती, त्यांना फवाऱ्याची पानगळ चालत नव्हती. त्यांची छोटी कंपनी होती, रस काढून दवाखान्यांच्या उपाहारगृहांना पुरवायची. त्यांची अट एकच: निव्वळ पाणी तोडून केलेली पानगळ. ही अट पाळणारी बाग मिळाली तर त्या सगळीच्या सगळी फळं घेणार होत्या.

म्हणून धाकटीने ताण सुरू केला त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना ओळीत उभं केलं होतं. ठिबकची चावी काढून स्वतःच्या कपाटात ठेवली आणि बजावलं, "झाडं वाळतील. बघवणार नाहीत. शेजारी नावं ठेवतील. पण थेंब, एक थेंबसुद्धा कुणी घालायचा नाही! कळलं?"

"कळलं," सगळे म्हणाले. थोरली तर म्हणाली, "मी बघते कोण घालतंय ते." थोरलीचा घरात दराराच तसा होता.

कळी आली त्या सकाळी धाकटीने कळ्या मोजत सगळी बाग पालथी घातली. आनंदाने तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. अशी ती घराला लागून असलेल्या शेवटच्या ओळीपाशी आली आणि जागच्या जागी थिजली. घराच्या सावलीमुळे ही ओळ उशिरा गळेल, असं समजून तिने इतके दिवस तिकडे काणाडोळा केला होता.

आठ झाडं. हिरवीगार! पानं जुनीच, गर्द, जाड. पहिल्या झाडाला एक कळी नाही, दुसऱ्याला नाही. पुढची काही अर्धीमुर्धी, कुठे हिरवी, कुठे नवी पालवी. शेवटचं तेवढं बरं फुललेलं, पण त्याच्याही बुंध्याजवळची एक फांदी जुन्या पानांनी मिरवत होती.

"पाणी," धाकटी पुटपुटली. मग ओरडली, "कुणी घातलं पाणी?"

घर गोळा झालं आणि सगळ्यांनी एकजात कानांवर हात ठेवले. दीर म्हणाला, "मी दुकानात असतो बाई दिवसभर." नवरा म्हणाला, "मी कशाला घालू?" आणि झाडाच्या शेंड्याकडे बघू लागला. थोरलीने तर उलट दरडावलं, "माझ्यावर संशय? माझ्यावर?" उरले मामंजी. ते चष्मा पुसत राहिले, काच निघून येईल इतका वेळ. धाकटीने मनातल्या मनात निकाल देऊन टाकला. म्हाताऱ्या माणसाला काय बोलणार? पण राग असा आला होता की जेवताना तिने त्यांना आमटी वाढताना डाव जरा जोरातच आपटला.

खरं सांगायचं तर शेवटच्या झाडापाशी उभं राहून तिने स्वतःही कधीमधी प्यायच्या बाटलीतलं उरलेलं पाणी ओतलं होतं. पण बाटलीतला घोटभर ते काय पाणी? ते तिने हिशेबातही धरलं नव्हतं.

महिनाभराने खरेदीवाल्या बाईंचा निरोप आला, परवा येते. ती हिरवी झाडं दिसली तर बाई अख्खी बागच नाकारतील, म्हणून घरात एकच धांदल उडाली. दीर म्हणाला, "ती आठ झाडं उपटून टाकू का? माझी शेड नाही झाली तरी चालेल, पण तुझी बाग जाऊ नये." धाकटी चकित होऊन त्याच्याकडे बघतच राहिली. शेडसाठी तीन वर्षं टोमणे मारणारा हाच तो!

"उपटू नका," थोरली म्हणाली. "झाका."

"झाडं कशी झाकायची?"

"कपडे वाळत घालून!"

आणि झालंही तसंच. बाई यायच्या त्या सकाळी ओळीच्या अलीकडे दोऱ्या बांधल्या गेल्या आणि घरातल्या यच्चयावत चादरी, पलंगपोस, पडदे धुऊन वाळत पडले. कमी पडलं म्हणून थोरलीने कपाटातली कोरी चादर भिजवली. मामंजींची लुंगीसुद्धा आठव्या झाडाच्या बंदोबस्ताला उभी राहिली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, या घरात कुणी वर्षभर धुणंच धुतलं नव्हतं.

बाई गाडीतून उतरल्या. बारीक अंगाच्या, पांढरे केस कापलेले, डोळ्यांवर जाड चष्मा, पायात मळके बूट. बोलणं मोजकं. बागेत शिरल्या आणि पहिल्याच ओळीत त्यांची पावलं मंदावली. एक फांदी हातात घेतली, दुसरी घेतली. कळ्या, फुलं, गाठ धरलेली बोराएवढी फळंही.

"सुंदर!" त्या म्हणाल्या. धाकटीच्या मनात उकळ्या फुटायला लागल्या. मागून मामंजी चालत होते, त्यांना राहवेना. "बाई, दवाखान्यात रस देता हे उत्तम करता. हृदयाला चांगलं, पोटाला चांगलं..."

"गोळी चालू ठेवून," बाई म्हणाल्या.

मामंजी असे खूश झाले की जणू हरवलेला भाऊ भेटला.

बाई पुढे गेल्या. दुसरी ओळ, तिसरी, चौथी. जसजशा पुढे जात होत्या तसतसा त्यांचा चेहरा मात्र बदलत होता. शेवटी बाई थांबल्या.

"फवारा मारलात ना?"

"नाही हो! शपथ! नुसतं पाणी तोडलं."

"नुसत्या पाण्यावर अशी साफ, एकसारखी पानगळ पहिल्याच बहाराला?" बाईंनी मान हलवली. "मी बऱ्याच बागा बघते. सगळे 'नाही'च म्हणतात. जुनी पानं गळून मातीत गेली, आता तपासणार काय? मी दवाखान्यात आजारी माणसांना रस देते. शंका आली की मी बाग घेत नाही. वाईट वाटून घेऊ नका."

आणि त्या वळल्या. गाडीच्या दिशेने चालू लागल्या!

बाग इतकी चांगली फुलली म्हणून नाकारली जातेय? असं कुठे असतं का? तिच्या डोळ्यांसमोर लॅबमधला तो रबराचा पट्टा आला, पत्र्याची शेड आली. वाऱ्याने चादरी फडफडल्या. धाकटीची नजर तिकडे गेली आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. जुनी पानं! जुनी पानं आहेत की!

"बाई! थांबा!" ती धावली आणि तिने पहिली चादर खस्सकन ओढली. "अरे बघतोस काय, ओढ!" ती नवऱ्यावर ओरडली. चारचौघांत "अरे" म्हटल्याचं तिला भान नव्हतं. नवऱ्याने पलंगपोस ओढला. थोरली "अगं, काय करतेस? वेडी झालीस का?" म्हणत असतानाच पडदे मातीत पडले, मामंजींची लुंगी काट्याला अडकून फाटली, आणि आठ झाडं उन्हात उघडी पडली.

"ही बघा," धाकटी धापा टाकत म्हणाली. "लपवली होती तुमच्यापासून. याच बागेतली. यांना चोरून पाणी मिळालं, म्हणून यांची पानं गळली नाहीत. बाकीच्यांना मिळालं नाही, म्हणून गळली. फवारा मारला असता तर हीसुद्धा बोडकी झाली असती!"

बाई जवळ आल्या. चष्मा वर केला. "किंवा फवारा मारताना एवढी ओळ सोडली असेल."

धाकटीने वळून घरच्यांकडे पाहिलं.

बाई पहिल्या झाडापाशी वाकल्या. "हे पूर्ण हिरवं. याला कुणी पाणी घातलं?"

मग मामंजी पुढे आले. "मी. अंघोळीआधी बादलीभर. रोज. पाण्यावाचून तडफडताना बघवेना हो. पहिलं आणि दुसरं माझं."

धाकटीला त्यांचा राग आलाच नाही. उलट हायसं वाटलं, चला, निदान कबूल तरी केलं. पण बाई तिसऱ्या झाडाकडे सरकल्या होत्या. "हेही बरंच हिरवं आहे. हेही तुम्ही?"

"नाही," मामंजी गोंधळून म्हणाले. "मला फक्त दोन बादल्या उचलायची ताकद होती."

आणि मग थोरली, जिच्या धाकाने दूधवालासुद्धा माप नीट घालायचा, ती थोरली पदराशी चाळा करत म्हणाली, "भाज्या धुतलेलं पाणी. फेकायचंच होतं ना ते? तिसरं आणि चौथं माझं."

"जाऊबाई! तुम्ही?"

"ओरडू नकोस. स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज माझ्याकडे बघायची ती झाडं."

पाचवं झाड एका बाजूने हिरवं होतं, दुसऱ्या बाजूने फुललेलं. दिराने घसा खाकरला. "तिथे मी गाडी धुतो. पाण्याची नळी... म्हणजे या बाजूला वळवायचो. नुसतं साधं पाणी, साबण नाही! सहाव्यालाही थोडं पोचत असेल."

"आणि सातवं?" बाईंच्या आवाजात आता काहीतरी वेगळंच होतं.

नवरा पुढे आला. त्याचे कान लाल झाले होते. "ब्रश धुवायचं स्वच्छ पाणी. रंगाचं नाही, दुसरं. वाटीभर."

"अरे, तूसुद्धा!" धाकटी किंचाळली. घरातला एकूण एक माणूस! प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच, आणि आपल्या एवढ्याशा पाण्याने काय होतंय! पाठोपाठ एक-एक येऊन, एकमेकांना चुकवून, या लोकांनी ओळीला जवळजवळ पूर्ण रतीब घातला होता!

बाई आठव्या झाडाशी उभ्या होत्या. झाड चांगलं फुललेलं, फक्त खालची एक फांदी जुन्या पानांची. त्यांनी ती फांदी बोटाने उचलली आणि सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी पुढे येईना.

आणि धाकटीने हळूच हात वर केला.

"बाटली," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "प्यायची. उरलेला घोट. कधीमधीच हो!"

थोरली आधी हसली. मग दीर. मग मामंजी असे हसले की त्यांना खांबाला धरावं लागलं. "थेंबसुद्धा नाही," थोरली धाकटीची नक्कल करत म्हणाली, "एक थेंबसुद्धा कुणी घालायचा नाही! कळलं?" धाकटीने तोंड लपवायला मातीतला पलंगपोस उचलला. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डाव आपटल्याचं तिला आठवलं आणि ती मामंजींच्या पायाशी वाकायला गेली, तर त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली.

बाई हसत नव्हत्या. त्या पुन्हा पहिल्या झाडापासून आठव्यापर्यंत चालत गेल्या. बादली, भाजीचं पाणी, नळी, वाटी, बाटली. जितकं पाणी तितकं हिरवं. मग थांबून म्हणाल्या, "फवारा अशी माणसागणिक पानं ठेवत नाही. बाग मी घेते. ही आठ झाडं सोडून."

मग जो गलका झाला! दिराने शिट्टी मारली, नवऱ्याने धाकटीला सगळ्यांदेखत उचललं, थोरली "अहो, लाज! मोठी माणसं आहेत!" म्हणत स्वतःच टाळ्या वाजवत सुटली. मामंजी बाईंना पुन्हा हृदयापासून सुरुवात करून सगळं सांगू लागले.

"पण एक," बाई बोट वर करून म्हणाल्या, आणि गलका थांबला. "पुढच्या बहाराला हा लाडीकपणा चालणार नाही. झाडाला ताण म्हणजे ताण. त्यात दयामाया आणायची नसते. मी असते ना, तर समोर झाड कोमेजून पडलं तरी थेंब दिला नसता. माणसाने कडक राहायला शिकलं पाहिजे."

"हो बाई," सगळे मान खाली घालून म्हणाले.

थोरलीने आतून गार पाण्याचा पेला आणला. उन्हातून फिरून बाईंना तहान लागली होती. त्या आठव्या झाडाला टेकून उभ्या राहिल्या, धाकटीशी तोडणीच्या तारखांचं बोलू लागल्या, अर्धा पेला प्यायल्या. "देठ आखूड कापायचा हं, नाहीतर शेजारच्या फळाला टोचतो," असं सांगता सांगता त्यांनी उरलेलं अर्धं पाणी अलगद त्या झाडाच्या बुंध्याशी ओतलं, रिकामा पेला थोरलीच्या हातात दिला आणि बोलत बोलतच गाडीत जाऊन बसल्या.

गाडी वळणाआड गेली तरी सगळे त्या ओल्या बुंध्याकडेच बघत होते. मग मामंजींनी फाटकी लुंगी काट्यावरून सोडवली, झटकली आणि म्हणाले, "घ्या. नववा माणूस."

"नववा कसा हो मामंजी?" धाकटी म्हणाली. "आपण पाचच तर आहोत."

"दूधवाला, मीटरवाला आणि तो दाढी करणारा," मामंजी म्हणाले. "तुला काय वाटलं, सहाव्या झाडाला नुसती नळीच पुरली?"